सरांनी न केलेली सही

आमचे अर्थशास्त्राचे सर हजेरी घेत नसत, हजेरीची सुनावणी घेत. आदल्या दिवशी तासाला न आलेल्याला उभं करायचे आणि विचारायचे, "काल त्या वेळात काय केलंस?"

"सर, आईला दवाखान्यात नेलं होतं."

"हजर."

"सर, पिक्चरला गेलो होतो."

"कसा होता?"

"बोअर झालो, सर."

"मग गैरहजर. चांगला असता तर विचार केला असता."

त्यांचं म्हणणं असं, की तास बुडवणं हा काही गुन्हा नाही. तासापेक्षा फालतू काहीतरी करण्यासाठी तास बुडवला तर मात्र आपलं आपण नुकसान केलं. प्राचार्यांना हे कधी पटलं नाही. दर सहामाहीला सरांच्या हजेरीपटावरून केबिनमध्ये बोलाचाली व्हायची, आणि बाहेर आल्यावर सर शिपायाला म्हणायचे, "आज आमच्या दोघांचा अर्धा तास गैरहजर."

ठेंगणी, रुंद मूर्ती. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, त्यातली उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि डावी मनगटाशी बटण लावून घट्ट. खडूचं काम उजव्या हाताचं, मग डाव्यानं उगाच का उघडं पडायचं, असा त्यांचा हिशेब होता. लुनाच्या पुढच्या आकड्याला कायम भाजीची पिशवी. नव्वदच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलेजात रुबाबदार प्राध्यापकांची काही कमी नव्हती. त्यांच्यात सर पाहुण्यासारखे दिसायचे, तेही न बोलावलेल्या.

त्यांचं खरं नाव बऱ्याच जणांना परीक्षेच्या वेळीच कळायचं. एरवी ते 'नाहीतर सर'. कारण कुणी काही केलं, घेतलं, ठरवलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "नाहीतर काय केलं असतं?" कँटीनमध्ये वडा घेतला तरी हा प्रश्न आणि नवी सायकल घेतली तरी हाच. एक गोष्ट घेतली की दुसरी सुटते, आणि त्या सुटलेल्या गोष्टीवरून घेतलेलीची खरी किंमत कळते, एवढंच त्यांना सांगायचं असे. पण हे वर्गात सांगणं वेगळं आणि मांडवात सांगणं वेगळं. आमच्या वर्गातल्या एकीच्या लग्नात आहेराच्या रांगेत सर नवरदेवासमोर पोचले आणि प्रेमानं हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. नाहीतर कोण होतं?" मुलगा बिचारा सरळ. तो म्हणाला, "नगरचं एक स्थळ होतं, सर." मुलीकडच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. सरांच्या पत्नीनं त्यांना दंडाला धरून पंगतीकडे ओढत नेलं, आणि जाता जाता ते वळून म्हणतायत, "म्हणजे विचार करून केलंय!"

या बाईंचा मला फार हेवा वाटे. त्यांनीच मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सर त्यांना बघायला गेले तेव्हा कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलीला विचारलं, "लग्न केलं नाही, तर काय करणार आहात?" ती म्हणाली, "एम.ए. करायचं होतं मराठीत." सर म्हणाले, "मग आधी ते करा." घरच्यांना वाटलं, नकार आला. नकार नव्हता. सर दोन वर्षं थांबले. "मधे दर दिवाळीला पत्र यायचं," बाई सांगत होत्या, "त्यात प्रेमाचं अवाक्षर नाही. नुसतं, अभ्यास कसा चाललाय." सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

वर्गात शिकवताना सर पुस्तकातली उदाहरणं वापरत नसत. खात गेलं की खाण्यातली गोडी कमी होत जाते, हा नियम पुस्तकात सफरचंदावर होता. सर म्हणाले, सफरचंद इथे कोण खातंय, आणि पिशवीतून द्राक्षांचा घड काढून पहिल्या बाकावरच्या मुलाला दिला. "एकेक मणी खा आणि दहापैकी मार्क दे." मुलानं पहिला मणी तोंडात टाकला आणि म्हणाला, "शून्य, सर."

"पहिल्याच मण्याला?"

"सर, आमचा दिंडोरीला बाग हाय. सीझनला आमच्याकडं गुरं बी द्राक्षं खात नाय."

सगळा वर्ग हसला. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून त्याची आलेख-रेषा त्याच्याच हातानं काढायला लावली. ती रेषा शून्यातून निघून शून्यातच पडून होती. "हे पुस्तकात नाही," सर सगळ्यांना सांगत होते, "हे फक्त आपल्या वर्गात आहे."

आता माझं सांगते. मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका खेड्यातली. आमच्या घरी फुलांची शेती. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू, आणि मधल्या सरींत कोथिंबीर-मेथी. आण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे माल घेऊन नाशिकला यायचे. संध्याकाळी फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या, हे काम माझं आणि आईचं. बारावी सायन्सला मला गणितात नव्वदच्या वर मार्क होते. केमिस्ट्रीनं दगा दिला आणि इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. मग मी बी.ए.ला फॉर्म भरला. कारण अगदी साधं होतं. बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलं संध्याकाळी पाचपर्यंत चालायची, आणि बी.ए.चे तास सकाळी साडेअकराला संपायचे. पावणेबाराची एसटी मिळाली की मी एकला मळ्यात. आमच्या भागातल्या निम्म्या मुलांनी आपली पदवी अशीच एसटीचं वेळापत्रक बघून ठरवली आहे. कुणी भूगोल घेतला, कुणी हिंदी. त्या विषयात काय असतं हे फार थोड्यांना माहीत होतं. गाडीची वेळ मात्र सगळ्यांना पाठ.

फॉर्म घेण्याच्या खिडकीशेजारी सर स्टूल टाकून बसलेले. अर्थशास्त्रावर खूण दिसली की ते फॉर्म मागून घ्यायचे.

"अर्थशास्त्र का?"

मी तयारी करून आले होते. देशाचा विकास, बँकेची परीक्षा, असं काहीतरी. पण त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "सर, पावणेबाराची गाडी मिळते."

मागच्या रांगेत खसखस पिकली. सर हसले नाहीत. "इतक्या जणांत खरं बोलणारी तू पहिली," म्हणाले, आणि फॉर्म खिडकीत सरकवला.

ते पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं वर्ष. विषय मला लागला. बाजारात कोथिंबिरीची जुडी सकाळी कशी असते आणि दहाला कशी होते, हे मी जन्मापासून बघत होते. त्याला असं शास्त्र आहे हे कळल्यावर मला रात्री झोप येईना, एवढं ते आवडलं. मी सरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. एकदा मी विचारलं, "सर, ही रेषा त्या वळणाला नेमकी इथंच का टेकते? थोडी अलीकडे का नाही?" सरांनी त्या जागी खडूनं एक टिंब केलं. मग म्हणाले, "याचं उत्तर कॅल्क्युलसमध्ये आहे. आणि ते मला येत नाही." भर वर्गात असं म्हणणारा मास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच पाहिला. वर्षाच्या शेवटी अर्थशास्त्रात मी पहिली आले.

दुसऱ्या वर्षाला एक विषय 'स्पेशल' निवडायचा असतो. पदवी मग त्याच विषयाची. त्या फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागते, आणि अर्थशास्त्राचे विभागप्रमुख सरच. मी मोठ्या दिमाखात फॉर्म घेऊन गेले. पेढे पण नेले होते. सरांनी पेढा खाल्ला, फॉर्म वाचला आणि परत दिला.

"सही करणार नाही."

मला वाटलं गंमत करतायत.

"तू हे स्पेशल घेतलंस तर तुला अर्थशास्त्राची पदवी मिळेल," सर म्हणाले. "अर्थशास्त्र मिळणार नाही. पुढं ज्याला खरं अर्थशास्त्र म्हणतात ते सगळं गणितात आहे. आमच्याकडे बी.ए.ला अर्थशास्त्राबरोबर इतिहास मिळतो, राज्यशास्त्र मिळतं, गणित मिळत नाही. गणित पलीकडे सायन्सच्या इमारतीत. मी सात वर्षं अर्ज करतोय, की आमच्या मुलांना ते घेऊ द्या. दर वर्षी उत्तर येतं, वेळापत्रकात बसत नाही. तू बी.एस्सी. कर. गणित आणि संख्याशास्त्र घे. मग एम.ए. अर्थशास्त्रात, पुण्याला."

"पण सर, माझं एक वर्ष…"

"जाईल."

"आणि मग मी अर्थशास्त्र शिकणार कधी?"

"रोज सकाळी पावणेसातला. मी शिकवीन. फी नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत."

मी तिथून निघाले ती रडतच. मला वाटलं, हा माणूस मला नको म्हणतोय. खेड्यातली, मराठी मीडियमची, हिला कशाला आपल्या विभागात ठेवायची. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि घरी गेल्यावर जेवले नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण सरांना मी त्या दिवशी मनातल्या मनात फार वाईट वाईट बोलले.

दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः आले. फुलं उतरवून, हातपाय धुऊन, टोपी नीट करून थेट सरांसमोर.

"मास्तर, पोरीचं एक वरीस वाया घालवायला निघालाय म्हनं तुमी."

सरांनी आण्णांना खुर्ची दिली आणि, बहुधा घरून ठरवून आल्याप्रमाणे, सुरुवात केली, "तुम्ही गुलाबाची छाटणी करता ना? छाटल्यावर काही दिवस फूल नसतं…"

"गुलाबाचं मला नका सांगू, मास्तर," आण्णा म्हणाले. "ते मला ठावं हाय. पोरीचं सांगा."

सर ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं तेवढं एकदाच पाहिलं. मग त्यांनी उपमा-बिपमा सोडून दिल्या आणि पोरीचं सांगितलं. सांगता सांगता स्वतःचंही सांगितलं. तरुणपणी तेही मोठ्या उमेदीनं पुण्याला संशोधन करायला गेले होते. एम.ए.ला पहिला वर्ग होता, पण गणित दहावीनंतर सुटलेलं. "पहिल्या दिवशी त्यांनी फळाभर लिहिलं," सर म्हणाले, "आणि त्यातली मला फक्त तारीख वाचता आली. चार महिन्यांत परत आलो. तेव्हापासून मी इथं शिकवतो. मला माझ्या नोकरीचं दुःख नाही. पण हिनं चांगलं गणित येत असताना एसटीपायी ते सोडलं आणि मी त्यावर सही केली, तर मला चैन पडणार नाही."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "यात तुमचा काय फायदा?"

"नुकसान आहे," सर म्हणाले. कसलं, ते सांगितलं नाही.

परतताना गाडीत आण्णा एवढंच बोलले, "मास्तर येडा हाय. पन खोटा नाय." आणि गाव आल्यावर म्हणाले, "संध्याकाळची फुलं मी आन् तुझी आई तोडू. तू तुझं बघ."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसले. वयानं लहान मुलींच्यात, नव्यानं. आणि पंधराएक दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला, की यंदापासून अर्थशास्त्र स्पेशलचा वर्ग बंद. मी ऑफिसात विचारलं. तिथले हेडक्लार्क जुने, स्पष्ट बोलणारे. "बंद होईल नाहीतर काय? ठरावीक मुलं लागतात वर्गाला. यंदा एक कमी पडलं." मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं पोरी, तूच ती. तुझ्या फॉर्मवर सही केली असती तर भरत होता वर्ग. मी स्वतः त्यांना म्हटलं, सर, सही करा, पोरगी रडतीय, तिलाही हवंय. ऐकतात का!"

मी धावतच सरांकडे गेले. धाप लागलेली. "सर, मला माहीत नव्हतं. मी परत येते. अजून मुदत आहे, मी विचारलंय. मी बी.ए.च करते."

सर चिडले. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू गेला. "माझा वर्ग वाचवायला तू पदवी घेणार? कुणी मागितलं तुझ्याकडे? एका मास्तराची सोय व्हावी म्हणून पोरीनं दोन वर्षं द्यायची? एसटीसाठी घेतलीस ती चूक परवडली!" मग हळू आवाजात, "जा. तुझं प्रॅक्टिकल असेल."

विभाग गेला तशी सरांची खोलीही गेली. तिथं जिमखान्याचं सामान आलं, कॅरम बोर्ड आणि व्हॉलीबॉलची जाळी. सरांना स्टाफरूममध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि शिकवायला फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग. निवृत्त होईपर्यंत तेच. एवढं सगळं होऊन ते पुढच्या सोमवारी पावणेसातला ठरल्या जागी, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भाजीबाजाराच्या वरच्या पायरीवर माझी वाट बघत उभे होते. मला उशीर झाला म्हणून रागावले सुद्धा.

तीन वर्षं आमचा वर्ग तिथं भरला. आण्णांच्या मालाच्या गाडीतून मी पहाटेच यायची. सर बाजारातून फिरत शिकवायचे. मेथी हातात घेऊन मागणीचा सिद्धांत, वांगी उलटसुलट करून मक्तेदारी. एक भाजीवाली मावशी वैतागून म्हणायची, "मास्तर, लय चौकशा करता, घेत तर काय नाय!" त्यावर सर चार जुड्या जास्तीच्या घ्यायचे आणि घरी बोलणी खायचे. अर्ध्या तासानंतर उलटा वर्ग सुरू व्हायचा. आदल्या दिवशी मी सायन्सला शिकलेलं कॅल्क्युलस त्यांना शिकवायचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस पायरीवर मांडी घालून, मांडीवर दोनशे पानी वही घेऊन, गणितं सोडवायचा. चुकलं की मी लाल पेननं काट मारावी असा त्यांचा आग्रह. मला संकोच व्हायचा, ते म्हणायचे, "मार. तशी लक्षात राहते." दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास एक दिवस त्यांनी वही माझ्यापुढे धरली. ती रेषा त्या वळणाला नेमकी तिथंच का टेकते, ते त्यांनी स्वतः सोडवून आणलं होतं. एकही चूक नव्हती. सरांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी उगाच कोबीचा भाव विचारला.

पुण्याची प्रवेशपरीक्षा मी पास झाले. एम.ए. झालं, पुढचंही झालं, तिथंच एका संशोधन संस्थेत लागले. बाजारातल्या भावांवर काम करते, आणि त्यात जेवढं गणित आहे तेवढंच गंगेवरचं आहे.

दोन हजारनंतरच्या दशकात सर निवृत्त झाले. जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला. दारात टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या, त्याही सरांच्या एका जुन्या वर्गातल्या. समोर वही, वर्षावार नावं आणि छातीवर लावायचे बिल्ले.

"तुमची बॅच कुठली?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "मी… सायन्सची."

"अय्या, मग तुम्ही वहीत नसणार. हे फक्त इकॉनॉमिक्स स्पेशलवाल्यांसाठी आहे. पण या ना, बसा मागे कुठंतरी."

आत खुर्च्या बॅचप्रमाणे लावल्या होत्या. एकेका वर्षाची एकेक रांग, सगळ्या भरलेल्या, जुनी माणसं एकमेकांना टाळ्या देत हसतायत. खरं म्हणजे बाईंचं काही चुकलं नव्हतं. ते पहिलं वर्ष सोडलं तर कुठल्याही कागदावर मी सरांची विद्यार्थिनी नव्हते. हजेरीपटात नाही, निकालात नाही. तरी मला वाईट वाटलं, चांगलंच लागलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

सर आले. गळ्यात हार, पाठीमागे प्राचार्य, फोटोवाला. दारातून आत येता येता त्यांनी मला पाहिलं आणि थांबले.

"उभी का?"

टेबलाच्या बाई पुढे झाल्या. "सर, त्या सायन्सच्या आहेत. त्यांची बॅच नाहीये आपल्याकडे. वर्ग बंद झाला ना त्या वर्षी."

सरांनी हार काढून प्राचार्यांच्या हातात दिला. कोपऱ्यातली एक लोखंडी खुर्ची उचलली. कुणी मदतीला धावलं त्याला नको म्हणाले. ती खुर्ची त्यांनी सगळ्या हॉलमधून फरफटत नेली आणि शेवटच्या बॅचच्या रांगेमागे, मधोमध, एकटीच मांडली.

"ही पुढची बॅच," ते म्हणाले. "लिहून घ्या."

सगळा हॉल वळून बघत होता. मी त्या एका खुर्चीच्या रांगेत जाऊन बसले आणि भाषणं सुरू व्हायच्या आधीच रडायला लागले.